दहा भागांची मालकीण आणि बेलापूरची कंपनी

श्रोतेहो, तमाशातला राजा तुम्ही पाहिला असेल. गण झाला, गवळण झाली, बतावणी झाली, की वगात हा राजा येतो. डोक्यावर मुकुट, कमरेला तलवार, आणि राज्यात काय चालले आहे याची खबर मात्र शून्य. तो प्रधानाला विचारतो, "काय प्रधानजी, राज्याची हालहवाल?" प्रधान वाटेल ते सांगतो, आणि राजा मान डोलावतो. फडातले लोक पोट धरधरून हसतात. का बरे हसतात? राजे तर केव्हाच गेले. पण खुर्चीवर बसलेला आणि कामातले काही न कळणारा माणूस काही गेलेला नाही. तो वेष पालटून आपल्या समोर येतच राहतो. त्याचीच थोडी कहाणी आज पाहू. तिची सुरुवात नाटकांच्या मांडवात आहे, आणि पुढे ती आपल्या नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे २०२४ पासून ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातल्या, बेलापूरपाशी येऊन पोचणार आहे.

वसंत सबनीस यांनी लिहिलेला 'छपरी पलंगाचा वग' तुम्हांला 'विच्छा माझी पुरी करा' या नावाने ठाऊक असेल. १९६५ साली तो रंगभूमीवर आला आणि दादा कोंडके यांचे नाव घरोघर झाले. कथा साधी आहे. कोतवालाची जागा रिकामी होते. हवालदाराला वाटते, आता ही जागा आपलीच. पण वशिला आडवा येतो आणि जागा दुसऱ्याच्या पदरात पडते. मग हवालदार आणि मैनावती मिळून असा डाव रचतात, की नवा कोतवाल खुद्द राजाचा पलंगच चोरायला निघतो! चोर धरायचा ज्याने, तोच चोर. गंमत खरीच. पण त्या गमतीखाली एक हिशेब आहे. नेमणूक लायकी पाहून झाली नाही, तर पहिले नुकसान होते ते नेमणाऱ्याच्या घरातच.

याच्या आधी, १९५२ साली, पु. ल. देशपांडे यांचे 'अंमलदार' आले होते. मूळ नाटक रशियातले, निकोलाय गोगोल या लेखकाचे, १८३६ सालचे. एका आडगावातल्या अधिकाऱ्यांना कळते की राजधानीहून तपासनीस येणार, आणि तोही आपली ओळख लपवून. सगळ्यांचे हात बरबटलेले, तेव्हा सगळ्यांची गाळण उडते. खाणावळीत उतरलेला, बिल न भरलेला एक फुकटा कारकून त्यांना तपासनीस वाटतो. लोक त्याला उसनवारीच्या नावाने पैसे देतात, मेजवान्या देतात, गावचा मुख्य अधिकारी तर आपली मुलगी द्यायला निघतो. तो पैसे घेऊन पसार होतो, आणि मग बातमी येते की खरा तपासनीस आत्ताच गावात उतरला आहे. गोगोलचे हे नाटक खुद्द झारच्या परवानगीने रंगमंचावर आले होते, हे मोठे नवल. ज्याच्या राज्यावर टीका, त्यानेच ती पाहिली.

तर पाहा, राजाचे झाले, सरकारी अंमलदाराचे झाले. पण विसाव्या शतकात जगाच्या पाठीवर एक नवाच राजा तयार झाला होता. त्याला मुकुट नव्हता, तलवार नव्हती. होते ते एक लांबलचक टेबल, भोवती खुर्च्या, आणि दारावर पाटी: संचालक मंडळ. या राजाची थट्टा कोणी केली? ती केली अमेरिकेतल्या दोघा नाटककारांनी, हॉवर्ड टाइकमन आणि जॉर्ज कॉफमन यांनी. त्यांचे 'द सॉलिड गोल्ड कॅडिलॅक' हे नाटक १९५३ साली न्यूयॉर्कला रंगमंचावर आले, आणि १९५६ साली त्याचा बोलपटही निघाला. नावाचा अर्थ, भरीव सोन्याची मोटारगाडी.

कथा ऐका. एक फार मोठी कंपनी आहे. तिची वार्षिक सभा चालली आहे. लाखो भाग, हजारो भागधारक. पण सभेला येतो कोण? अध्यक्ष भराभर ठराव वाचतो, मंजूर, मंजूर, मंजूर. एवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई हात वर करते. तिच्याजवळ भाग किती, तर अवघे दहा. आणि ती साधा प्रश्न विचारते: "अध्यक्षांना एवढा मोठा पगार आहे, तर ते नेमके करतात काय?" सभा चिडीचूप. टेबलामागचे गृहस्थ एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. कारण खरे उत्तर कोणापाशीच नसते!

बाई पुढच्या सभेलाही येते, पुन्हा विचारते. तेव्हा संचालक शक्कल लढवतात. तिला कंपनीतच नोकरी देऊन टाकू, म्हणजे तोंड बंद. काम काय? छोट्या भागधारकांशी संबंध ठेवणे. म्हणजे खरे पाहता काहीच नाही. पण बाई प्रामाणिक. पगार घेते तर काम केले पाहिजे, म्हणून ती एकेका भागधारकाला आपुलकीची पत्रे लिहू लागते. मुलेबाळे कशी आहेत, तुमचे काय मत आहे, असे विचारते. आणि बोलपटात एक धमाल प्रसंग आहे. एका संचालकाने आपला मेहुणा कंपनीत आणून बसवलेला असतो. हा मेहुणा मोठ्या फुशारकीने एक दुसरी छोटी कंपनी बुडवून दाखवतो. मागाहून कळते, ती बुडालेली कंपनी यांच्याच मालकीची होती! मेहुण्याने आपल्याच घराला आग लावली आणि वर शाबासकी मागितली. राजाचा पलंग चोरणारा कोतवाल आणि हा मेहुणा, यांच्यात मधे एवढा समुद्र असला तरी जात एकच, नाही का?

शेवट काय होतो? पुढच्या सभेच्या वेळी छोटे भागधारक आपापली मुखत्यारपत्रे, म्हणजे "माझ्या वतीने तूच मत दे" असे कागद, त्या बाईच्या नावाने पाठवतात. थेंबे थेंबे तळे साचते. दहा भागांच्या बाईच्या हातात सगळ्या मंडळाला घरी बसवण्याइतकी मते जमतात. आणि भागधारक तिला भेट देतात ती सोन्याची मोटार.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या मोटारीचे आम्हांला काय? आमची ऊसतोडीची गाडी, खताची बॅग आणि पतपेढीचा हप्ता आम्हांला पुरे आहे. अहो, म्हणूनच तर सांगतो आहे. कंपनी हा प्रकार आपल्याकडे फार लवकर आला, आणि त्यातली फजिती आपल्या लोकांनी नाटकात नव्हे, प्रत्यक्ष अंगावर सोसली.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा ओतू लागला, आणि त्या पैशाला वाट म्हणून रोज नवी कंपनी निघू लागली. कोणी समुद्र हटवून जमीन काढणार, कोणी बँक काढणार. कंपनी काय करणार, ते चालवणाऱ्यांना धड ठाऊक नसे. पण भागांसाठी झुंबड. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि कागदाचे किल्लेही कोसळले. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकला गेला. महत्त्वाकांक्षा मोठी आणि अक्कल थोडी, या दोहोंची गाठ पडली की काय होते, त्याचा हा पहिला मोठा धडा.

त्यानंतर आपल्याकडे जी पद्धत रुजली तिला मॅनेजिंग एजन्सी म्हणत. ती समजून घ्या, कारण बेलापूरची गोष्ट तिच्यावाचून कळणार नाही. कंपनीचे भाग घेणारे अनेक. संचालक मंडळ नावाला. पण प्रत्यक्ष कारभार कराराने एका पेढीकडे, वर्षानुवर्षांसाठी. ही पेढी म्हणजे मॅनेजिंग एजंट. तिने भांडवल जमवावे, यंत्रे आणावीत, माल विकावा, आणि त्याबद्दल अडत घ्यावी. कल्पना वाईट नव्हती. त्या काळी जोखीम घेणारे आणि धंदा जाणणारे लोक थोडे होते, आणि अशा पेढ्यांवाचून कित्येक गिरण्या उभ्याच राहिल्या नसत्या. पण गोम होती अडतीत. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत एजंटाला तयार सुताच्या दर पौंडामागे तीन पै मिळत. नफा होवो की तोटा होवो, तीन पै पक्क्या. शिक्षकांनी हे गणित मुलांना जरूर घालावे: रुपयाच्या पै १९२. समजा गिरणीने १० लाख पौंड सूत काढले, तर एजंटाचे १५,६२५ रुपये. तेच सूत गिरणीने तोट्यात विकले तरी एजंटाचे १५,६२५ रुपयेच. मग एजंट काय म्हणणार? "काढा अजून सूत!" जमशेटजी टाटांनी १८८६ च्या सुमारास ही चाल मोडून नफ्याच्या दहा टक्के घेण्याची पद्धत धरली, तेव्हा ती मोठी नवलाईची गोष्ट वाटली होती. पुढे १९३६ च्या दुरुस्तीने एजंटाच्या कराराला वीस वर्षांची मर्यादा घातली, १९५६ च्या कंपनी कायद्याने मेहनतान्याला लगाम घातला, आणि ३ एप्रिल १९७० पासून ही पद्धतच बंद झाली.

आता या बेलापूरला. प्रवरेच्या काठचे हे जुने गाव. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, आणि गावापासून काही अंतरावर बेलापूर रोड स्टेशन झाले. त्या स्टेशनाभोवती जी वस्ती वाढली, तेच आजचे श्रीरामपूर. पुढे भंडारदऱ्याला धरण बांधायला घेतले, ते १९२६ साली पुरे झाले. प्रवरेचे पाणी कालव्यांनी माळावर आले, आणि जिथे बाजरी-ज्वारी पिकत होती तिथे ऊस डोलू लागला. या पाण्याच्या आशेने १९१९ साली बेलापूर कंपनी स्थापन झाली. कारभार मुंबईच्या ब्रॅडी कंपनीकडे, म्हणजे मॅनेजिंग एजंट. कारखाना उभा राहिला हरेगावला, नाव मात्र बेलापूरचे. दख्खनच्या कालव्यांवर उभ्या राहिलेल्या आरंभीच्या मोठ्या साखर कारखान्यांपैकी हा एक. त्याने या भागाला साखर दाखवली, यंत्र दाखवले, रोजगार दिला, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

पण कारखान्याला ऊस हवा, आणि उसाला जमीन हवी. ती आली कुठून? १९१८ च्या सुमारास सरकारने हरेगावच्या आसपासच्या नऊ गावांतली सात हजारांवर एकर जमीन घेतली आणि ती तीस वर्षांच्या बोलीने कंपनीला दिली. कागदोपत्री तिला आकारी पडीक म्हणत. याशिवाय इकडच्या साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांकडून खंडाने जमिनी घेतल्या. असे जमीन देणारे शेतकरी म्हणजे खंडकरी. हा शब्द या भागात अजूनही घरोघर ऐकू येतो.

इथे जरा थांबा, आणि अमेरिकेतल्या त्या बाईला आठवा. तिच्याजवळ दहा भाग होते. दहाच, पण होते. म्हणून तिला सभेत बसता आले, हात वर करता आला, आणि अध्यक्षांना उत्तर द्यावे लागले. नऊ गावांतल्या आमच्या शेतकऱ्याजवळ काय होते? त्याची जमीन उसाखाली होती, त्याची पोरे मजुरीला होती. पण कंपनीच्या सभेत त्याला जागा नव्हती, कारण त्याच्यापाशी एकही भाग नव्हता. त्याच्या जमिनीचा निकाल करायचे ते तो नसलेल्या खोलीत. नाटकातली बाई निदान हसवू शकली. याला हसवायलाही व्यासपीठ मिळाले नाही.

पुढे काय झाले? १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला. खासगी कारखान्यांकडच्या जमिनी सरकारात गेल्या आणि १९६३ साली शेती महामंडळ निघाले. म्हणजे कंपनी गेली, महामंडळ आले. खंडकरी होता तिथेच. पिढ्यांमागून पिढ्या मोर्चे निघाले, अर्ज झाले, कज्जे झाले. खंडकऱ्यांना जमीन परत देण्याचा कायद्याचा मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा झाला तो २०१२ च्या सुमारास, आणि आकारी पडीक जमिनीचे गाऱ्हाणे तर त्याही पुढे चालत राहिले. आजोबांनी दिलेली जमीन नातवाने किंवा पणतवाने मागावी लागली. हरेगावचा तो कारखाना आता बंद आहे. ज्या कारखान्यासाठी जमीन गेली, तो थांबला, तरी जमिनीचा प्रश्न थांबला नाही. असे हे प्रकरण.

आता याच प्रवरेच्या काठची दुसरी बाजू पाहा. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना सांगितले की कारखाना आपण आपलाच काढू. पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि पहिले अध्यक्ष झाले. वैकुंठभाई मेहता त्या वेळी मुंबई सरकारात मंत्री होते, त्यांचा पाठिंबा मिळाला. गावोगाव फिरून भाग गोळा केले. १९४८ साली प्रवरा कारखान्याची नोंदणी झाली, आणि १९५० च्या अखेरीस पहिले गाळप झाले. सहकारी साखर कारखानदारीची ही आपल्याकडची पहिली वाट.

या वाटेचे मूळ इंग्लंडातल्या रॉचडेल गावी आहे. तिथे १८४४ साली २८ जणांनी, विणकरांनी आणि इतर कारागिरांनी, मिळून एक दुकान काढले. त्यांच्या नियमांतला एक नियम फार मोलाचा: माणसागणिक एक मत. कंपनीत भागागणिक मत असते. ज्याचे हजार भाग, त्याची हजार मते, दहावाल्याची दहा. म्हणून तर त्या बाईला हजारो पत्रे लिहावी लागली. सहकारात तसे नाही. शंभर एकरवाल्याचे एक मत आणि दोन एकरवाल्याचेही एकच. त्या बाईला जे नाटकाच्या शेवटी मिळाले, ते आपल्या सभासदाला भाग घेतल्या दिवसापासून मिळालेले आहे. सोन्याची मोटार दाराशी उभीच आहे म्हणा ना!

मग आपण ती चालवतो का? खरे बोलू या. वार्षिक सभेची नोटीस येते. तिच्या तळाशी बहुधा एक ओळ असते, की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि तिला गणपूर्तीची जरुरी राहणार नाही. ही ओळ लिहिणाऱ्याला ठाऊक असते की तुम्ही येणार नाही. आलात तरी अहवाल न वाचता येणार. चिटणीस विषय वाचतात, पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" असा गजर होतो, आणि सभा चहापानाने संपते. मग कोणाचा मेहुणा कुठे चिकटला, कोणती खरेदी कोणत्या भावाने झाली, याची चर्चा होते ती पारावर. पारावरच्या चर्चेला इतिवृत्तात जागा नसते, मंडळी.

कारखाना असो, दूधसंस्था असो, पतपेढी असो की गावची सोसायटी असो, महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्याने सभासदाला काही हक्क दिले आहेत. ते पाठ करून ठेवा. संस्थेचे उपविधी, शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेचे आणि समितीच्या सभांचे इतिवृत्त, आणि तुमच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी, हे सारे तुम्हांला कार्यालयात, कचेरीच्या वेळात, विनामूल्य पाहता येते. आणि कंपनीप्रमाणे इथे सहसा मुखत्यारपत्र चालत नाही. तुमचे मत द्यायला तुम्हांलाच यावे लागते. दुसऱ्याच्या खिशात मत ठेवून घरी बसण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही, ती याचसाठी.

कारभारी मंडळींवर सरसकट डाग लावण्याचा हेतू नाही, बरे का. चांगले अध्यक्ष, चोख चिटणीस पुष्कळ असतात, आणि त्यांना तर प्रश्न विचारणारा सभासद हवासाच वाटतो. कारण त्याच्या प्रश्नानेच त्यांचे चोख काम चारचौघांत दिसते. प्रश्नाची भीती वाटते ती उत्तर नसलेल्याला. गोगोलच्या गावातले अधिकारी तपासनीसाच्या नुसत्या नावाने का घाबरले? वह्या साफ असत्या, तर त्यांनी त्या फुकट्या कारकुनाला सरळ खाणावळीचे बिल भरायला सांगितले असते.

शेवटी गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. येत्या स्नेहसंमेलनात मुलांकडून एक छोटा प्रवेश बसवून घ्या. नाटकाचे पुस्तक लागत नाही. वर्गातच एक दूधसंस्था काढा. पाच मुले संचालक, एक चिटणीस, बाकीचा वर्ग सभासद. फळ्यावर दहा ओळींचा ताळेबंद लिहा, आणि त्यात मुद्दाम एक चूक ठेवा: बेरजेची, किंवा न घेतलेल्या बैलजोडीच्या खर्चाची. मग सभा भरवा. चिटणीस भराभर वाचील, पुढची रांग "मंजूर" म्हणेल. मागच्या बाकावरची कोणती पोर हात वर करते ते पाहा. तिने हात वर केला की तिला उभी करा, प्रश्न पुरा विचारू द्या, आणि चिटणिसाला उत्तर द्यायला लावा. उत्तर मिळेपर्यंत पुढचा विषय घेऊ नका. दहा वर्षांनी ती खऱ्या सभेत बसेल, तेव्हा हात वर करायला तिला कोणी शिकवावे लागणार नाही.